पेटीतला वाफारा की तुर्की हमाम?

नाशिकच्या आयुर्वेदिक केंद्रांत मिळतो तो पेटीस्वेद. आधी अंगाला तेल, मग लाकडी पेटीत स्टुलावर बसायचं, मान बाहेर. शेजारच्या कुकरमध्ये दशमूळ किंवा निर्गुंडीचा काढा उकळत असतो, वाफ नळीने आत येते. डोक्यावर ओला पंचा ठेवायचा. 10 ते 15 मिनिटं पुरतात. कपाळावर घाम डवरला की थांबायचं. चटका बसतो तो बहुधा पोटरीला, कारण नळीचं तोंड पायाशी असतं. त्यावर लाकडी जाळी आहे ना, हे वाफ सोडण्याआधी वाकून बघाच. उठतानाही घाई नको: तळवे तेलकट, फरशी ओली, आणि रक्तदाब उतरलेला.

इस्तंबूलच्या हमामात डोकंसुद्धा उष्णतेतच राहतं. तिथला चेंबरलिताश हमाम 1584 सालचा. कमरेला पेश्तेमाल गुंडाळून गरम संगमरवरी ओट्यावर पडायचं. कातडी मऊ पडली की ‘केसे’ या खरबरीत हातमोज्याने घासतात आणि दंडावरून मळाच्या करड्या वळकट्या सुटतात. दिवाळीच्या उटण्यालाही हे जमत नाही! मग साबणाचा फेस, वर वाडग्याने पाणी. इथे तेल लावून जाऊ नका, केसे नुसता घसरतो. त्याच दिवशी दाढी किंवा वॅक्सिंग केलं असेल तर अंगाची आग होते.

अंग आखडलं असेल तर आमची पसंती पेटीला, प्रवासाच्या मळाला मात्र हमामच. गरोदर बायांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्हीकडे जाऊ नये.