माझ्याच सीटा मला विकल्या: व्हॅन कन्व्हर्जनमध्ये कसा फसलो

मी ऑप्टिकल फायबर जोडायचं काम करतो. सातारा, कराड, कोरेगाव, पाटण हा माझा पट्टा. कुठं जेसीबीने केबल तोडली की फोन येतो, मग रात्रीचे दोन असोत नाहीतर दिवाळीची पहिली आंघोळ. महामार्गाचं सहापदरीकरण सुरू झाल्यापासून तर फोनला उसंतच नाही.

फायबर म्हणजे केसाएवढा काचेचा तंतू. आतला गाभा ९ मायक्रॉन, वरचं काचेचं आवरण धरून १२५ मायक्रॉन. दोन टोकं समोरासमोर आणायची, मशीन ठिणगी देऊन ती वितळवून जोडतं. टोकावर धुळीचा एक कण बसला की जोड वाया. शेजारून ट्रक जातायत, वरून पावसाची भुरभुर, दोन पोरं ताडपत्री धरून उभी आणि तिसरा मांडीवर मशीन घेऊन ४८ कोर, म्हणजे केबलमधले ४८ तंतू, जोडतोय, असं आम्ही बरीच वर्षं काढली. म्हणून ठरवलं, एक गाडी करायची. पुढं सहा माणसं बसतील, मागं टेबल, रॅक, लाइट, पंखा. तुटलेल्या केबलचं टोक गाडीत ओढून घ्यायचं आणि आत निवांत काम करायचं.

ओळखीच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडून २०१६ ची, तेरा सीटर फोर्स ट्रॅव्हलर मिनीबस घेतली. त्या व्यवहारात काही खोट नव्हती. पतसंस्थेचं कर्ज काढलं, आरसीवर त्यांचा बोजा चढला. आता आतलं काम कुणाकडून करून घ्यायचं, एवढंच राहिलं.

पुण्याच्या बाजूला एक फॅब्रिकेटर आहे, असं कुणीतरी सांगितलं. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. शेडवर गेलो तेव्हा दोन गाड्या तयार उभ्या होत्या. आतमध्ये एलईडीच्या पट्ट्या, चकचकीत सनमायका, कपाटाचं दार हात लावताच हळू मिटणारं. मी भुललो. आज वाटतं, त्याने मला दाखवलं ते सगळं पृष्ठभागावरचं होतं. सनमायकाच्या मागं काय आहे, हे मी विचारलंच नाही.

कोटेशन ३ लाख ४० हजारांचं. मरीन प्लाय, २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, २ केव्हीएचा इन्व्हर्टर, पत्र्याच्या आत नायट्रिल रबरचं इन्सुलेशन. शिवाय आरटीओचे ३५ हजार वेगळे. "दादा, कागदाचं टेन्शन तुम्ही घ्यायचंच नाही. गाडी घेऊन जाताना नवीन आरसी हातात," असं म्हणाला. हे वाक्य कुणी तुम्हाला ऐकवलं तर तिथूनच चप्पल घालून बाहेर पडा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये २ लाख अ‍ॅडव्हान्स दिला. त्यातले निम्मे त्याने सांगितलं म्हणून त्याच्या मेहुण्याच्या खात्यावर. "जीएसटी वाचतो ना आपला." कोटेशनवर जीएसटी नंबर मात्र होता, २७ ने सुरू होणारा, महाराष्ट्राचा. मी समाधान मानलं. तो नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकायला अर्धा मिनिट लागतो. मी तो पुढच्या जुलैत टाकला. नोंदणी भलत्याच नावाच्या एका हार्डवेअर दुकानाची निघाली आणि तीही रद्द झालेली.

२५ दिवसांचा वायदा होता. दर आठवड्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायचे. सीटा काढल्या, पत्रा घासला, फ्रेम बसवली. मधल्या टप्प्यात फोटो थांबले आणि परत आले तेव्हा पॅनेल बंद झालेली होती. वायरिंगचा एकही फोटो मला आला नाही. "माल आलाय, एक लाख टाका," यावर एक लाख टाकले. गाडी फेब्रुवारीत मिळाली, तेव्हा राहिलेले ४० आणि आरटीओचे ३५. एकूण पावणेचार लाख. हातात लॅमिनेट केलेलं एक पत्र दिलं: गोल शिक्का, जावक क्रमांक, बदलाला मान्यता, सही. "स्मार्ट कार्ड पोस्टाने येईल."

पहिले तीन महिने खोटं कशाला बोलू, मजा आली. पोरं खूश. घरी बायकोलाही गाडीतून फिरवून आणलं.

मग जूनमधली एक रात्र. उंब्रजच्या पुढं केबल तुटलेली, पाऊस धो-धो. गाडीत जोडकाम चालू. एकाने घरून दीड हजार वॅटची किटली आणली होती, चहासाठी. इन्व्हर्टर २ केव्हीएचा आहे म्हटल्यावर चालायला काय हरकत? लावली. पाणी उकळायच्या आत डाव्या पॅनेलमधून वास आला. आधी गोडसर, मग प्लॅस्टिक जळाल्यासारखा. पॅनेलला हात लावला तर इस्त्रीसारखं गरम. किटली ओढून काढली, बॅटरीचं टर्मिनल पान्याने सोडवलं आणि स्क्रू-ड्रायव्हर घालून पॅनेल उचकटलं.

आत नायट्रिल कुठलं, थर्माकोल होतं. गणपतीच्या मखराला लावतो ते पांढरं थर्माकोल, आणि वायरच्या कडेने वितळून त्यात नाली पडली होती. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची वायर १० स्क्वेअर एमएमची, तीही घरातल्या वायरिंगची. आता हिशोब बघा. दीड हजार वॅट, १२ व्होल्ट, म्हणजे १२५ अँपिअर, वर इन्व्हर्टरचा तोटा. तिथं ५० स्क्वेअर एमएमच्या आसपासची केबल लागते आणि बॅटरीच्या टर्मिनलजवळच फ्यूज लागतो. फ्यूज कुठंच नव्हता. आत सहा माणसं होती आणि सरकतं दार एकच.

मला स्वतःचाच राग आला. जोडात सिग्नलचा लॉस ०.०५ डीबीच्या वर आला तर मी पोराला परत तोडून जोडायला लावतो. केसाएवढ्या काचेत खोट शोधणारा माणूस, आणि बोटाएवढी वायर बघायची राहिली.

त्या रात्रीनंतर मी एकेक उघडत गेलो. बॅटरीवर २०० चं स्टिकर. लिथियमची २०० ची बॅटरी म्हणजे अडीच हजार वॅट-अवर. आमचे लाइट, पंखा, लॅपटॉप, मशीनचं चार्जिंग मिळून दीडशे वॅट धरले तरी रात्र सहज निघायला हवी. ती तीन तासांत मान टाकायची आणि मला वाटायचं, चार्जिंग कमी पडतंय. झाकण काढलं तर आत पेन्सिल सेलसारख्या नळ्यांचा गठ्ठा, कुठं निळं आवरण, कुठं हिरवं, कुठं गुलाबी. वेगवेगळ्या जुन्या पॅकमधून काढून डागलेले सेल. हे न उघडता ओळखायची युक्ती म्हणजे आठवडाभर आधी, पैसे द्यायच्या आत, ठरावीक लोड लावून घड्याळ बघत बसणं. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

प्लायवर जिथं नजर जाईल तिथं ७१० चा शिक्का होता. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, ७२ तास उकळलं तरी थर सुटता कामा नयेत. रॅकचा एक तुकडा कापून घरी कुकरात टाकला. बायको म्हणाली, आता लाकडाची आमटी करणार का? दोन तासांत त्याची पानं सुटली, बाकरवडीसारखी.

इथवर प्रकार पैशाचा होता. खरा दणका पासिंगला बसला.

धंद्याच्या गाडीला आठ वर्षं झाली की फिटनेस, म्हणजे पासिंग, दरवर्षी लागतं. ऑगस्टमध्ये गाडी नेली. इन्स्पेक्टरने आत डोकं घातलं, सीटा मोजल्या, आरसी बघितली. "तेरा लिहिलंय. सहा कशा? आणि बाजूला हे भोक कुणी पाडलं?" केबल आत घ्यायला फॅब्रिकेटरने बॉडीचा पत्रा कापून झडप बसवली होती. मी ऐटीत लॅमिनेट केलेलं पत्र काढलं. त्यांनी ते उलटसुलट केलं, एका क्लार्कला दिलं. क्लार्कने रजिस्टर बघितलं. त्या जावक क्रमांकावर दुसऱ्याच विषयाचं पत्र होतं. मान्यतेचा अर्जच कधी झालेला नव्हता.

मग त्या इन्स्पेक्टरनेच मला नीट समजावलं, उपकार त्यांचे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवरच्या नोंदी कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावलं. जो काही बदल नियमात बसतो त्याची मंजुरी नोंदणी अधिकाऱ्याकडून घ्यायची, बोजा असेल तर कर्ज देणाऱ्याची लेखी संमती घ्यायची, आणि बदल आरसीवर चढवून घ्यायचा. विनापरवाना बदलाला याच कायद्याच्या कलम १८२-अ खाली मालकाला दर बदलामागं ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मालकाला, हे लक्षात घ्या. कापणारा हात फॅब्रिकेटरचा, पण कायद्याला दिसतो तो मालक.

सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून आरसीची नोंद बघितली असती तर फेब्रुवारीतच कळलं असतं. विमा एजंटला विचारलं तर तो म्हणाला, बरं झालं आग लागली नाही. बदल कळवलेला नाही म्हणून कंपनीने क्लेमवर बोट ठेवलं असतं. बरं झालं म्हणे!

मूळ स्थितीत आणा, मग पासिंग. म्हणजे झडप बंद करून वेल्डिंग, रंग आणि सात सीटा. मला आठवलं, काढलेल्या सीटा तर फॅब्रिकेटरकडेच राहिल्यात. तोवर तो माझा फोन उचलायचा बंद झाला होता, म्हणून एका मित्राच्या फोनवरून केला. आवाज ओळखला तरी गडी शांत.

"हो, तुमच्याच आहेत ना, ठेवल्यात बाजूला. साडेतीन हजाराला एक पडंल."

माझ्या गाडीच्या, माझ्या मालकीच्या सीटा. कानशिलं तापली होती, पण बाजारात त्या मापाची सीट लवकर मिळेना आणि गाडी उभी राहिली तर दिवसाचं कामच बंद. दोघंजण घेऊन शेडवर गेलो. शेडमध्ये कोपऱ्यात सीटा रचून ठेवलेल्या. ट्रॅव्हल्सवाल्याच्या काळातला उदबत्तीचा गोल डाग असलेली सीट मी लांबूनच ओळखली. भांडण केलं नाही. तीन हजाराला एक ठरली, २१ हजार मोजले. फक्त म्हणालो, "पतसंस्थेला दाखवायला पावती लागंल." त्याला वाटलं, बला टळतेय. लिहून दिलं, स्वतःच्या अक्षरात, गाडीच्या नंबरसकट: अमुक गाडीच्या काढलेल्या जुन्या सीटा ७ नग. सही, तारीख, शिक्का.

पोलीस ठाण्यात आधी "हा दिवाणी मामला आहे" हेच ऐकलं. जुनं चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, पण टेबलापलीकडचं उत्तर तेच. बनावट पत्र पुढं केल्यावर अर्ज घेतला आणि माझ्या प्रतीवर पोच दिली. ती पोच घेतल्याशिवाय उठू नका. ग्राहक आयोगात मात्र लवकर दाखल झालो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पुण्याला हेलपाटे नाहीत, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. मुदत दोन वर्षांची. त्याच्या वकिलाने पहिलाच मुद्दा काढला, गाडी धंद्यासाठी होती, हा ग्राहकच नव्हे. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलं असेल तर कायदा ग्राहक मानतो, असं आमचं उत्तर आहे. आयोग काय धरतो ते बघू.

दुसरा मुद्दा त्यांनी असा मांडला, की आम्ही या गाडीला हातच लावलेला नाही, पैसे मेहुण्याला उसने दिले असतील. बिल नाही, जीएसटी नाही, फोटो त्याच्याच फोनवरून आलेले पण त्यात माणूस दिसत नाही. तेव्हा आमच्या वकीलबाईंनी ती २१ हजारांची पावती पुढं सरकवली. गाडीला हात लावला नाही, तर सीटा कुणी काढल्या? समोरच्या वकिलाने पावती दोनदा वाचली आणि पुढची तारीख मागितली.

गाडी सध्या तेरा सीटर आहे. टेबल घडीचं केलंय, कशालाही न ठोकलेलं, सीटांच्या मधे उघडतं. केबल खिडकीतून आत घेतो. अडचण होते, गुडघे आपटतात. नव्या मान्यतेचा अर्ज या वेळी मी स्वतः, स्वतःच्या हाताने दिलाय. किटली घरी असते, चहा थर्मासमधून. डागाची सीट मी माझ्यासाठी ठेवलीय, ड्रायव्हरच्या मागची.