हप्ता भाडेकरू भरणार होते

लाज वाटते म्हणून सहा महिने कुणाला बोललो नाही. सख्ख्या भावालाही अर्धंच सांगितलंय. पण परवा कंपनीतला एक पोरगा म्हणाला, "आम्हीपण छोटी बिल्डिंग बघतोय, खाली राहायचं आणि वर भाडं खायचं." तेव्हा म्हटलं, आता लिहूनच टाकतो.

पिंपरी-चिंचवडमध्ये तळमजला अधिक दोन मजले. खाली मालक, वर चार वन बीएचके, चारही भरलेले. किंमत 78 लाख. बार्शीकडची वाटणीची जमीन विकली, बायकोचे दागिने मोडले, बँकेचं 45 लाख कर्ज काढलं. हप्ता 39,767. भाडं प्रत्येकी 9,500 प्रमाणे 38,000. म्हणजे खिशातून महिन्याला फक्त 1,767. हे गणित मी बायकोला डायरीत मांडून दाखवलं होतं. ती डायरी आता उघडवत नाही.

मी अडाणी नाही, हे आधीच सांगतो. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जागेच्या मालकीचा मागचा इतिहास, काढला. मंजूर नकाशा, मिळकतकराच्या पावत्या, लाइट बिलं, सगळं तपासलं. मुद्रांक शुल्क 5,46,000, नोंदणी फी 30,000, शिवाय किमतीतून 78,000 टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावचा आयकर, कापून भरला. जागेचा एकूण एक कागद खरा निघाला. खोटं होतं ते भाडं.

हेवी डिपॉझिट. जाणकारांना एवढ्यावरच कळलं असेल. बाकीच्यांसाठी: भाडेकरू मालकाला एकदम मोठी रक्कम देतो, महिन्याचं भाडं देत नाही, आणि घर सोडताना ती रक्कम मालकाकडून परत घेतो. मला बिल्डिंग विकणाऱ्या माणसाने चौघांकडून 4 लाख, 3.5 लाख, 5 लाख आणि 3 लाख, असे एकूण 15,50,000 आधीच उचलले होते. भाडं शून्य. मला दाखवले ते 20,000 डिपॉझिटचे करार त्याने घरी बसून बनवलेले.

आणि मला कळायला हवं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या ताई चपात्या लाटत होत्या. मी दारातूनच विचारलं, "ताई, भाडं किती देता?" त्यांनी माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघितलं. तोच बोलला, "साडेनऊ हजार, पाच तारीख चुकत नाही." ताई लाटणं हातात धरून म्हणाल्या, "मग आमच्या डिपॉझिटचं आता हे दादा बघणार ना?" मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "हो हो, काळजी करू नका." तव्यावरची चपाती करपली तरी त्यांनी ती उलटली नाही. मला वाटलं, नवीन मालक म्हणून बाई बुजल्या असतील! वीस हजारांसाठी कुणी असं विचारतं का?

भाड्याच्या पावत्याही बघितल्या होत्या. चार भाडेकरू, वर्षभराच्या पावत्या, सगळ्या एकाच निळ्या पेनाने, एकाच अक्षरात. बँकेत जमा का नाही, तर म्हणे, "रोख घेतो हो पाहुणे, टॅक्सची कटकट नको." मी हसलो. अहो, वडापावच्या गाडीवर क्यूआर कोड लागलाय, आणि आयटीतली पोरं महिन्याला साडेनऊ हजार रोख मोजतात? यूपीआयचा एक स्क्रीनशॉट मागितला असता तर आज हे लिहायची वेळ आली नसती. तुम्ही मागा. नाही म्हणाला तर चहा पण न पिता उठा.

खरेदीखतानंतरच्या पहिल्या पाच तारखेला मी वर गेलो, तर चौघांनी हेवी डिपॉझिटचे, शंभराच्या स्टॅम्पवरचे नोटरी केलेले कागद पुढे ठेवले.

पोलीस ठाण्यात गेलो. "दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा." मी म्हणालो, खोटे करार दाखवून पैसे घेतले, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे ना फसवणुकीचं? साहेबांनी वर बघितलं आणि मलाच विचारलं, "भाडेकरूंची माहिती ठाण्यात दिलीय का? मालक तुम्हीच ना आता?" म्हणजे चोर सोडून माझीच चौकशी. अर्ज घेतला, पोच द्यायला तीन चकरा. आर्थिक गुन्हे शाखेत म्हणाले, आधी ठाण्याकडून येऊ दे. ठाण्यात म्हणाले, तिकडेच द्यायचा होता. दुय्यम निबंधकांकडे गेलो तर उत्तर, "आम्ही दस्त नोंदवतो, व्यवहार तपासत नाही." मग ते अंगठे आणि फोटो कशाला घेता, आठवण म्हणून? बँकेचा माणूस मूल्यांकनाला आला होता, दहा मिनिटांत गच्चीचे फोटो काढून गेला. आणि माझा वकील म्हणतो, "तुम्ही मला टायटल, म्हणजे मालकी हक्क, बघायला सांगितलं होतं, भाडेकरू नाही." फी 15,000.

त्यानेच मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 उघडून कलम 55 वाचून दाखवलं. भाडेकरार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. माझ्याकडे उलट सिद्ध करायला काय आहे? निळ्या पेनाच्या पावत्या. म्हणून तुम्ही घेणार असाल तर भाडेकरूंना संध्याकाळी एकट्याने भेटा, मालक सोबत नको. प्रत्येकाच्या सहीचं डिपॉझिटच्या रकमेचं पत्र खरेदीखताला जोडा आणि तेवढी रक्कम किमतीतून वळती करा. माझ्या खरेदीखतात "निर्वेध, निजोखमी व बिनबोजाची" असं छान छापलेलं आहे, म्हणजे जागेवर कुणाचं काही देणं नाही. त्याच्या जोरावर विकणाऱ्यावर दावा टाकलाय. तारखा पडतायत. तो माणूस फोन उचलत नाही.

वरच्या चौघांवर राग काढता येत नाही, त्यांचेही घामाचेच पैसे आहेत. काल जिन्यात ताई भेटल्या. "दादा, मे महिन्यात मुलीचं लग्न आहे," म्हणाल्या, "आमचे पाच लाख तेवढे तयार ठेवा." खात्यात 1,12,000 आहेत, आणि पाच तारखेला हप्ता जायचाय.