डेटाडाइव्ह की डेटाकोअर?

२०११ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या डेटाकाइंड या ना-नफा संस्थेने सामाजिक संस्थांना त्यांच्या डेटाच्या विश्लेषणात तज्ज्ञ स्वयंसेवकांची मदत देण्याच्या दोन पद्धती रूढ केल्या. डेटाडाइव्ह म्हणजे स्वयंसेवकांनी शनिवार-रविवारी एकत्र बसून केलेली धावपळ. डेटाकोअर म्हणजे छोट्या चमूचं काही महिन्यांचं काम.

डाइव्हची खरी मेहनत आधीच्या आठवड्यांत असते. लाभार्थ्यांची नावं, फोन नंबर काढून टाकायचे, प्रत्येक रकान्याचा अर्थ लिहून ठेवायचा, प्रश्न एक-दोनच ठरवायचे. हे राहिलं की अख्खा शनिवार तारखा जुळवण्यातच जातो (०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च?). हाती आलेख, नकाशे येतात. रोज वापरता येईल असं मॉडेल (डेटावरून अंदाज बांधणारा प्रोग्राम) क्वचितच.

ते हवं असेल तर कोअर. मात्र संस्थेतला एक माणूस दर आठवड्याला दोन तास मोकळा हवा, नाहीतर स्वयंसेवक गेल्यावर कोड तसाच पडून राहतो. नोंदी अजून वहीतच असतील, तर दोन्हींची घाई नको.