मुंबईहून पणजीला जाताना मोपा की दाबोळी?

गोव्यात आता मोपा आणि दाबोळी असे दोन विमानतळ आहेत. हवाई अंतर पाहिलं तर मोपा जवळ. मुंबईहून साधारण ३९० किलोमीटर, आणि दाबोळी ४२५च्या आसपास. पण एवढा फरक विमान तीन-चार मिनिटांत कापतं. तिकिटावर दोन्हीकडे सव्वा तासाच्या आगेमागेच वेळ असते, त्यातला बराचसा मुंबईला उड्डाणाच्या रांगेत जातो. प्रत्यक्ष हवेत आपण जेमतेम पाऊण तास असतो. तेव्हा खरा हिशेब उतरल्यावरचा.

पेडणे, मांद्रे, सावंतवाडी, वेंगुर्ला इकडे जायचं असेल तर मोपा. मडगाव, काणकोणला दाबोळी. त्यात विचार करण्यासारखं काही नाही. अडतं ते आमच्यासारख्या मधल्यांचं. आमचं घर पणजीजवळ रायबंदरला. दाबोळीहून पणजी साधारण ३० किलोमीटर, मोपाहून ३५च्या आसपास.

मोपाच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. ५ जानेवारी २०२३ला तिथून प्रवासी विमानं सुरू झाली, तेव्हापासून मी पाच-सहा वेळा तरी तिथे उतरलो असेन. ऐसपैस इमारत, सामानही पटकन मिळालं. शिवाय विमानं दिवसभर. दाबोळी पडला नौदलाच्या हंसा तळावर. सोमवार ते शुक्रवार सकाळचे काही तास नौदलाच्या सरावाला राखीव असतात, त्यामुळे सकाळी पोहोचायचं म्हटलं की पर्याय कमी. तिकीटही मला कधीकधी मोपाचंच स्वस्त मिळालंय.

तरी मी दाबोळीकडे वळलो, आणि त्याला कारण पर्वरी.

मोपाहून धारगळ, कोलवाळ, म्हापसा इथपर्यंत गाडी सुरेख येते. मग पर्वरीला उड्डाणपुलाचं काम. गेल्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी विमान वेळेवर उतरलं होतं. घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधायची होती, शिडीवर चढायचं काम दरवर्षी माझं. पर्वरीला आम्ही तासभर जागच्या जागी उभे होतो. पोहोचलो तेव्हा नारळ, सुपारीचे घोस, सगळं बांधून झालेलं होतं. सत्तरी ओलांडलेले काका शिडीवरून उतरत होते. ते मला फार लागलं.

गंमत म्हणजे पूर्वी हीच कटकट दाबोळीच्या वाटेवर होती. कुठ्ठाळीला जुन्या जुवारी पुलावर गाड्या अडकायच्या आणि विमान चुकेल या धास्तीने आम्ही तीन-तीन तास आधी निघायचो. नव्या पुलाची एक बाजू डिसेंबर २०२२मध्ये आणि दुसरी डिसेंबर २०२३मध्ये खुली झाली, आणि तो घोर मिटला. आता दाबोळीहून घरी मला पाऊण तास लागतो, फार तर एक. मोपाहून कधी तास, कधी दोन. मला ही अनिश्चितताच नको वाटते.

माझा अनुभव सणासुदीचा आहे, एरवी कदाचित इतका त्रास होत नसेल. पर्वरीचा पूल पूर्ण झाला की हे पारडं फिरेलही. तुम्ही रात्री उशिरा उतरणार असाल तर मोपा बिनधास्त घ्या, त्या वेळी रस्ता मोकळा मिळतो. फक्त तिकीट काढताना कोड नीट बघा: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. यंदाच्या चतुर्थीचं माझं तिकीट दुपारचं आहे, थोडं महागही पडलं, पण दाबोळीचं आहे. काकांना सांगून ठेवलंय, शिडी मी आल्यावरच काढा.