मोहरीचा पाला की मेथी?

साताऱ्यात गच्चीवर दोनच कुंड्या रिकाम्या. थंडीत मोहरी लावू की मेथी, असं धाकट्या जावेनं विचारलं. गेल्या हिवाळ्यात मी दोन्ही लावल्या होत्या.

बियाण्याचा खर्च जवळजवळ नाहीच, फोडणीच्या डब्यातले दाणे उगवतात. मेथी २५-३० दिवसांत तयार, पण मुळासकट उपटली की कुंडी रिकामी. मोहरीला दहाएक दिवस जास्त लागतात. मात्र मधला शेंडा राखून बाहेरची पानं खुडली तर तीन-चारदा भाजी होते. मेहनत मोहरीलाच जास्त. पानाच्या मागे मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, चिकटतो, रोज पान उलटून पाण्याच्या फवाऱ्यानं धुवावं लागतं. दोन दिवस गावाला गेले, तर शेंडे चिकट! आणि पिवळी फुलं आली की पानं जून, तिखट होतात.

कच्चं पान जिभेवर ठेवलं तर झणका थेट नाकात. शिजल्यावर निवळतो, पण टोपलीभर पाल्याची वाटीभर भाजी होते. भरपूर लसूण, सुकी मिरची, वरून बेसन. ज्वारीच्या भाकरीशी झकास. पोरं मात्र तोंड फिरवतात. मेथी निदान थालीपिठात लपते.

घरात लहान मुलं, वेळ कमी, तर मेथीच. रोज कुंडीपाशी जाणारी असशील आणि तिखट आवडत असेल, तर मोहरी. पेर मात्र दिवाळीच्या आसपास.