निसर्ग वादळानंतर छप्पर घालून घेतले : दोन ठेकेदार आणि पाच पावसाळ्यांनंतरचे मत

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा माझे काका-काकू आमच्या कौलारू घराच्या माजघरात दार लावून बसले होते. वारा थांबल्यावर त्यांनी बाहेर पाहिले, तर पडवीवरची सगळी आणि मुख्य घरावरची जवळजवळ निम्मी कौले अंगणात फुटून पडली होती आणि मागच्या वाडीतल्या सुपारीची एक रांगही उभी नव्हती. पाऊस आठवड्यावर आला होता, वीज आणि फोन बंद होते आणि टाळेबंदीमुळे कामावरचे बहुतेक कारागीर आपापल्या मुलखात परतले होते. मी परवाना काढून डोंबिवलीहून घरी पोहोचेपर्यंत ८ तारीख उजाडली आणि तोवर पहिला ठेकेदार आमच्याकडे येऊन गेला होता. त्याच्याबद्दल आणि त्याच्यानंतर ज्यांनी काम केले त्यांच्याबद्दल मी इतक्या उशिरा लिहीत आहे, कारण छपराच्या कामाचा निकाल पहिल्या पावसात लागत नाही.

पहिला ठेकेदार ६ तारखेला टेंपो घेऊन गावात आला होता. त्याला गावात कोणी ओळखत नव्हते. मोबाइलवर नव्या रंगीत छपरांचे फोटो दाखवून त्याने काकांना सांगितले, की पत्र्यांचे भाव रोज वाढत आहेत, आज विसार दिला नाही तर आषाढ संपेपर्यंत माणूस मिळणार नाही. ०.५० मिलिमीटर जाडीचे पत्रे घालतो, असे तोंडी कबूल करून त्याने एक लाख दहा हजारांचे काम ठरवले आणि साठ हजार रुपये रोख घेतले. अंगणातली फुटकी कौले, न फुटलेली पाचशेहून अधिक चांगली कौले आणि पडवीचे सागवानी वासे ‘भंगार फुकट उचलून देतो’ असे म्हणत त्याच टेंपोतून नेले. जुन्या मंगलोरी कौलांना आणि सागाच्या वाशांना किती मागणी असते, हे कोकणात घर असलेल्या माणसाला सांगायला नको. परंतु तीन रात्री न झोपलेल्या सत्तरीच्या माणसाला ते त्या क्षणी सुचत नाही आणि अशा लोकांचा धंदा नेमका त्या क्षणावर चालतो. पडवीवर पत्रे ठोकून तो ‘उरलेला माल आणतो’ म्हणून गेला आणि त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. त्याने दिलेल्या कार्डावर जीएसटी क्रमांक छापलेला होता. तो मी मोजला तेव्हा चौदाच अक्षरे भरली. खरा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा असेल तर २७ ने सुरू होतो. ही तपासणी एका मिनिटात होते, पण ती पैसे देण्याआधी करायची असते.

पैशांपेक्षा मोठे नुकसान पंचनाम्याच्या वेळी समोर आले. त्या वेळी सरकारने पूर्ण पडलेल्या घरांची मदत साधारण पंच्याण्णव हजारांवरून दीड लाखापर्यंत वाढवली होती आणि अंशतः पडझडीलाही मदत होती. पण तलाठी आणि ग्रामसेवक आले तेव्हा आमच्या पडवीवर नवे पत्रे दिसत होते आणि उडालेल्या कौलांपैकी एकही अंगणात उरले नव्हते. शेजारच्या मुलाने ४ तारखेला सकाळी आपल्या मोबाइलवर काढलेले फोटो दाखवल्यामुळेच नोंद नीट झाली. त्याच ठेकेदाराने ‘सरकारी मदत मी मिळवून देतो’ असे सांगून काकूंकडे बँकेचे पासबुक मागितले होते. काकूंनी ते दिले नाही, याचे मला आजही समाधान वाटते, कारण ही मदत थेट खात्यात जमा होते आणि तिच्यासाठी कोणत्याही मध्यस्थाची गरज नसते.

दुसरे ठेकेदार शेजारच्या गावातले, पन्नाशीचे, आमच्या आळीतल्या चार-पाच घरांची शाकारणी वर्षानुवर्षे करणारे गृहस्थ. ते १४ तारखेला आले आणि छपरावर चढण्याऐवजी आधी घराभोवती फिरले. काकूंना म्हणाले, “काकी, आज फक्त ताडपत्री घालतो. वासे किती कुजलेत ते बघितल्याशिवाय आकडा सांगणार नाही.” ताडपत्री ओढून, तिच्या कडा रीपांना बांधून त्यांनी त्या दिवसाचे फक्त मजुरीचे पैसे घेतले. माझ्या मते त्यांच्या सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच होती. ताडपत्रीने आम्हाला दहा दिवस मिळाले आणि त्या दहा दिवसांत आम्ही तिघांकडून दर मागवले, दोन जुन्या गिऱ्हाइकांची छपरे आतून पाहिली आणि घाईत निर्णय घेण्याची वेळ टळली.

पडवीवरच्या पत्र्यांची जाडी किती, हे त्यांनी आमच्याच घरातल्या सुपारीच्या काट्यावर सिद्ध करून दाखवले. एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन चौरस मीटरला साधारण ७.८५ किलो असते. चार फूट रुंद कॉइलपासून नाळ्या पाडलेला बारा फुटी पत्रा ०.५० मिलिमीटरचा असेल तर तो साडेसतरा किलोच्या आसपास भरला पाहिजे. एक पत्रा उतरवून काट्यावर ठेवला, तेव्हा काटा साडेदहावर थांबला. म्हणजे जाडी ०.३० होती आणि आमच्याकडून पैसे ०.५० चे घेतले होते. मायक्रोमीटर प्रत्येकाकडे नसतो, पण काटा बहुतेक घरांत किंवा दुकानात असतोच, म्हणून ही युक्ती मी भेटेल त्या प्रत्येकाला सांगतो. शिवाय नवा माल उतरवताना पत्र्यावर छापलेली जाडी आणि मानकाचा क्रमांक पाहावा. साध्या जस्ती पत्र्यासाठी तो आयएस २७७ असतो आणि रंगीत जस्ती पत्र्यासाठी आयएस १४२४६.

पत्रा कसा बसवला जातो, याकडे मी पूर्वी कधी लक्ष दिले नव्हते. वादळात बहुतेक छपरे वाऱ्याच्या धक्क्याने खाली दबत नाहीत, तर वर ओढली जातात आणि ही ओढ कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याजवळ सर्वांत जास्त असते. पहिल्याने पडवीच्या कडेला दर तिसऱ्या उंचवट्यावर एक साधा खिळा मारला होता. दुसऱ्यांनी कडेच्या आणि आढ्याच्या रांगेत प्रत्येक उंचवट्यावर रबरी वॉशरचा स्क्रू घातला, दोन पत्र्यांची सांध सहा इंचांहून जास्त ठेवली आणि कुजलेले सात वासे बदलूनच पत्रे चढवले. मुख्य घरावर मात्र पत्रे घालू नका, असा सल्ला त्यांनीच दिला. वासे शाबूत असल्यामुळे तिथे जुनी आणि विकत आणलेली कौले मिळून छप्पर पूर्ववत केले, ज्यात त्यांचा नफा कमी होता. उन्हाळ्यात घर थंड राहते, ते याच सल्ल्यामुळे.

व्यवहार एका साध्या वहीच्या पानावर लिहिला गेला. मालाची जाडी आणि नग, वाशांची संख्या, मजुरी, कामाची मुदत आणि पैशांचे तीन टप्पे असे सारे त्यावर होते : माल अंगणात उतरल्यावर चाळीस टक्के, छप्पर झाकल्यावर चाळीस आणि एक मोठा पाऊस पडून गेल्यावर उरलेले वीस. शेवटचा टप्पा त्यांनी स्वतःहून सुचवला होता. पैसे त्यांच्याच नावाच्या खात्यात गेले आणि पत्र्यांचे बिल दुकानदाराने थेट आमच्या नावावर दिले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. काम ठरल्यापेक्षा नऊ दिवस उशिरा संपले आणि त्या काळात काकूंना स्वयंपाक ओटीवर करावा लागला. मजुरी इतर दोघांपेक्षा थोडी जास्त होती. पन्हळीचा एक सांधा तिसऱ्या पावसाळ्यात गळू लागला. तो त्यांनी येऊन दुरुस्त केला आणि फक्त सामानाचे पैसे घेतले, तरी मुळात तो गळायला नको होता. दुसरीकडे, मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्यासमोरून गुजरातकडे गेले तेव्हा दोन दिवस सोसाट्याचा वारा होता आणि पडवीचा एकही पत्रा हलला नाही. या सगळ्याचा विचार करून मी त्यांना पाचपैकी साडेचार गुण देतो.

पहिल्या ठेकेदाराविरुद्ध आम्ही काही करू शकलो नाही, कारण आमच्याकडे ना कागद होता ना पावती. कागद असता, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता आली असती; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही लागत नाही आणि प्राथमिक मार्गदर्शन १९१५ या क्रमांकावर मिळते.

मागच्या दिवाळीत दुसरे ठेकेदार न बोलावता येऊन गेले, पडवीवर चढून त्यांनी कडक झालेले अकरा वॉशर बदलले आणि आढ्याजवळची चार कौले सरळ केली. येत्या वैशाखात सगळी कौले परतायची आहेत. ते काम काकांनी त्यांनाच सांगून ठेवले आहे.