लहान मुलासाठी भाजीचा वाफा की कोंबड्या?

घराभोवतीच्या छोट्या शेतीत 4-5 वर्षांच्या मुलाला सामील करून घ्यायचे असेल, तर त्याच्या नावाचा भाजीचा वाफा किंवा दोन-तीन कोंबड्या, हे पर्याय सहसा समोर येतात. मुळ्याचे बी 4-5 दिवसांत उगवते आणि साधारण महिना-दीड महिन्यात मुळा उपटता येतो, त्यामुळे मुलाचा धीर सुटण्याआधीच पीक हाती लागते (मधल्या काळात कोंब पाहण्यासाठी माती उकरली जाणार, हे गृहीतच धरावे). हंगाम संपला की घरच्यांनाही उसंत मिळते.

कोंबड्यांना अशी सुट्टी नसते. दाणापाणी, खुराड्याची सफाई, संध्याकाळी दार लावणे हे रोजचेच. शिवाय दिवस लहान झाले की अंडी कमी होतात, खाद्य मात्र लागतेच. त्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो आणि 5 वर्षांखालील मुलांना त्याचा धोका अधिक असल्याने, मूल साबणाने हात धुते की नाही यावर मोठ्यांनी स्वतः लक्ष ठेवावे लागते. तरीही नुकतेच घातलेले उबदार अंडे तळहातावर घेण्यातली गंमत मुळ्यात नाही, हे मान्यच. माझ्या मते पहिल्या वर्षी वाफाच बरा; कोंबड्या मुलाला हात धुण्याची सवय पक्की लागल्यावर आणाव्यात.